समजंल असं

फळ्यावरचं राजेश्रीचं वाक्य गायब होतं.

‘नव्या टाकीचं पाणी पिऊ नका. पोट बिघडतंय.’ काल सांजच्याला तिनंच लिहिलं होतं, पारावरच्या फळ्यावर, हे एवढाल्या अक्षरात! परभणीहून पाणी तपासून आलं, दवाखान्यातल्या सिस्टरनी निरोप दिला, की ही दहावीतली पोर खडू घेऊन पळतच सुटली.

आता तिथं दुसरंच होतं. ‘सदर जलस्रोत जैविक परीक्षणाअंती प्राशनार्थ अनुपयुक्त आढळल्याचे समस्त ग्रामस्थांच्या निदर्शनास आणण्यात येत आहे.’

अक्षर टपोरं, वळणदार. कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. बन्सीधर सरांचं. ज्या सरांनी तिच्या निबंधातले जड शब्द पालेभाजीतल्या काड्यांसारखे खुडून टाकले होते, त्या सरांचं. “चुलीपुढं बसून वाचणारीला समजलं पाहिजे, पोरी,” म्हणायचे. हा फळा तिच्या हाती त्यांनीच दिला होता. सगळं गाव थांबून वाचायचं, अन् राजेश्री शाळेत काय मिरवायची!

सर पलीकडंच मंडपवाल्याला खांब दाखवत उभे होते. टाकीचं पाणी चार दिवसांपूर्वीच सुटलं होतं. आज दुपारी फीत कापायला आमदार येणार होते. सरपंच म्हणजे सरांचा सख्खा भाऊ.

“सर, हे तुमी लिहिलं?”

सरांनी हातावरचा खडू झटकला. “खोटं लिहिलंय का काही? शब्दन् शब्द खरा आहे.”

एवढं बोलून ते खांबाकडं वळले. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात शेजारची दगडाबाई तोटीवरून भरलेली घागर कमरेवर घेऊन आली. फळ्यापुढं थांबली. ओठ हलवत दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडली आणि कौतुकानं मान डोलावली.

“लय भारी लिहिलंय गं सरांनी! चल, आधी नातवाला पाजते नवं पाणी.”

“काकू, ओतून टाका ते! पिऊ नका असंच लिहिलंय त्यात!”

दगडाबाई खदाखदा हसली.

“जा गं, येडे! तसं असतं तर सरांनी सरळ तसंच लिहिलं नसतं का? समजंल असं लिहिणारा त्यांच्यावाणी माणूस हाय का गावात दुसरा?”