रिकामी वाटी

शेंगदाण्याएवढी स्टीलची वाटी रिकामीच होती. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती यंत्रात सोडून क्षणात सहाशे अंशांवर तापवली, तरी पडद्यावरच्या आलेखात तीन उंच टोकं उभी राहिली. हीच टोकं काल पोलिसांनी पकडलेल्या व्हॅनच्या रंगात दिसली होती, आणि त्यानंतर लगेच तपासलेल्या, अपघातात गेलेल्या मुलीच्या स्वेटरवरच्या कणातही. रंग जुळतो, असं त्यांनी लिहून दिलं होतं. मधे एकदा रिकामी वाटी तापवून यंत्र साफ करायचं असतं; घाईत तेवढं राहून गेलं. म्हणजे कणात कदाचित काहीच नव्हतं, यंत्रात उरलेला व्हॅनचाच रंग दिसला असावा. "कण पुन्हा तपासू," सहकारी म्हणाली. "तो कालच जळून गेला." बाईंनी पोलीस ठाण्यात फोन लावला. "साहेब, चूक माझी. व्हॅनच्या ड्रायव्हरला सोडा." "बाई, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? त्यानं सकाळीच सगळं कबूल केलंय."