पाया पडताना

टँकरचे हंडे वाहून थोरल्या लेकीचा, रेणुकाचा एक खांदा वर आला, असंच छबुबाई धरून चालली होती. "दुसऱ्या कमरंवर घे गं, व्हईल सरळ," म्हणत तिनं ऊसतोडीचे दोन हंगाम काढले. शेवटी डॉक्टरांनी रेणुकाला पुढं वाकवलं, तर पाठीची एक बाजू उंच उठली.

"हंड्यानं नाही झालं हे, बाई. वाढतानाच मणका वाकडा झालाय. तेव्हाच पट्टा बांधला असता तर कदाचित भागलं असतं. आता ऑपरेशन."

छबुबाईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. संध्याकाळी सप्त्याच्या कीर्तनातही ती नुसती बसून राहिली. आरती झाली, धाकटी मुक्ता महाराजांच्या पायाशी वाकली, अन् महाराजांनी मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

 

"महाराज, हात जरा बाजूला घ्या," छबुबाई उठून म्हणाली, "लेकीची पाठ बघायचीय मला."