बापसाचा घोट

सुमित्राबाईंनी गिलासातली अर्धी वाईन अंगणातल्या मातीत ओतली आणि त्यांचा लेक वामन धावत पुढे आला.

तळवलीच्या त्या अंगणात आज त्याच्या बहिणीची, गोजराची, हळद होती. मांडवात बेंजो वाजत होता, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि मानाच्या खुर्चीवर क्लाउस साहेब बसला होता. वामनच्या कारखान्यात जर्मन यंत्र बसवायला तो आला होता, परवा मायदेशी निघणार होता. दोन वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलेल्या माणसाला हसतमुखाने निरोप द्यायचा, एवढीच वामनची हौस. साहेबही रिकाम्या हाताने आला नव्हता. त्याचे वडील वारले होते; त्यांच्या द्राक्षमळ्यातली, त्यांनी स्वतः भरलेली शेवटची बाटली त्याने जपून ठेवली होती, ती आणली होती. आणि आता त्यातली वाईन कोंबड्यांच्या पायाखाली जिरत होती.

साहेबाचा चेहरा पडला. "नो गुड?" त्याने हळूच विचारलं.

"आये, काय केलंस गं!" वामन कळवळला. "त्याच्या बापसाची शेवटची बाटली हाय ती!"

"मंग बापसाला नको द्यायला?" एवढा मोठा झाला तरी पोराला हे कळू नये, याचंच सुमित्राबाईंना नवल वाटलं. "गेलेल्या मान्साचा मान पयला. आदी तो पिल, मंग आपून."

वामनने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. साहेब ओल्या मातीकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि वामनच्या जिवात जीव आला.

सुमित्राबाईंनी मग उरलेला घोट घेतला.

"ताडीपरीस गोड हाय. साखर किती घातली?"

साखरेचा दाणा नाही, थंडी पडेपर्यंत द्राक्षं वेलीवरच राखतात, वामन विचारून विचारून सांगू लागला. साहेबाने तळहात जवळजवळ उभाच धरला. मळ्याला एवढा चढ, पायथ्याशी नदी. चढावर सगळा शाळेच्या पाटीचा असतो तसला काळा दगड. दिवसभर ऊन खातो आणि रात्री वेलींना ऊब देतो. एकच त्रास. पावसाने माती खाली वाहून जाते. वडील दर हिवाळ्यात ती टोपलीत भरून परत वर न्यायचे.

"खाली गेलेली माती परत वर?"

लग्न होऊन आल्यापासून सुमित्राबाईंनी दुसरं काय केलं होतं? खाडीचा बांध फुटायचा आणि सगळं घर चिखलाच्या टोपल्या वाहायचं. त्यांनी पुन्हा गिलास तोंडाला लावला आणि या वेळी घोट जिभेवर जरा घोळवला. गोडीच्या मागून ओल्या दगडाची चव आली. त्या एकदम खूश झाल्या.

"इचार त्याला, टोपली डोक्यावर घ्यायचा का पाठीवर?"

"पाठीवर म्हनतो."

"अरे देवा! कंबर गेली आसंल म्हाताऱ्याची."

वामनने हे सांगताच साहेब मांडव दणाणून टाकत हसला. खरंच गेली होती.

आता सुमित्राबाईंना राहवेना. वामनच्या खांद्यावरचा पंचा ओढून त्यांनी त्याची गोल चुंबळ वळली, साहेबाच्या डोक्यावर बसवली आणि वर नारळांची टोपली ठेवली. बायकांनी टाळ्यांचा ताल धरला. गालाला हळद, डोक्यावर टोपली, असा तो गोरापान उंच माणूस बेंजोच्या तालावर मांडवभर चालून आला.

"टोपली घेऊन जाऊ का, इचारतो," वामन हसू दाबत म्हणाला.

"ने म्हनावं. पन चुंबळ घरी गेल्यावर आयसकडनं वळून घे. आयस हाय ना तुला?"

वामनने विचारल्यावर साहेबाला मान हलवून, आई आहे, असं सांगायचं होतं, पण टोपली डोक्यावर होती.