डाव्या पिळाचा गुडघा

"पाखरंसुद्धा पूर्वीची राहिली नाहीत," सासरे भिंगाच्या दिव्याखाली पुटपुटले. "पीस म्हणजे नुसता भुसा. हात लावला की तुटतंय."

"तुटणारच. हल्ली सगळंच हलकं येतं," चादरीची घडी घालता घालता सासूबाई म्हणाल्या.

सुनेनेही मान डोलावली. वर्षभर या घरात पिसांनाच बोल लावायचा, असं कुणी न बोलताच ठरलं होतं.

सासरे गळावर खोटे नाकतोडे बांधत. बोटाच्या पेराएवढे, मासे फसावेत असे. मागचे दोन पाय; प्रत्येक म्हणजे फेझंट पक्ष्याच्या शेपटीतले दोन-तीन तंतू, एकत्र धरून मध्यावर गाठ मारलेले. गाठ म्हणजे गुडघा. तंतूंचा फास करून सुईने टोक आत ओढायचं आणि ती गाठ ओल्या बोटांनी हळूच आवळायची. जरा ओढलं की तंतू तुटला, जरा सैल राहिलं की नाकतोडा लंगडा. नाकतोड्याचं अंग बांधायला सासऱ्यांची बोटं पुरत. गाठीला मात्र डोळे लागत. सकाळभर बसून चार पाय व्हायचे. मग ते जेवून आडवे झाले की सून ओट्याशी उभी राहून क्रोशाच्या सुईने वीस पाय करायची आणि गुपचूप त्यांच्या डबीत मिसळून टाकायची. सासरे उठायचे, चाराचे चोवीस झालेले पाय समोर घ्यायचे आणि कामाला लागायचे. अवाक्षर नाही. आपण झोपलो की पायांना पाय फुटतात, असंच त्यांना वाटत असावं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"काका! काका, आहात ना?"

गळ-दोरी विकणारा दुकानदार चिखलाच्या बुटांनिशी थेट आत आला. सासूबाईंनी फरशीकडे पाहिलं. त्याला ते दिसलंच नाही. त्याच्या मुठीत एक चावून चोथा झालेला नाकतोडा होता.

"हा! हाच तो! सकाळी नदीवर तीन मासे, याच एकावर! तिसरा तर एवढा..." त्याने दोन्ही हात पसरले, मग सासूबाईंकडे पाहून थोडे आखडले. "बरं, एवढा. तुमचे बाकीचे पाण्यावर एका कुशीवर कलतात, काका. चांगले असतात, पण झोपाळू. हा बेटा सरळ बसतो! दोन्ही तंगड्या बाहेर, आत्ता उडेल असा! शनिवारी स्पर्धा आहे. मला असे पन्नास हवेत. काय केलंत काय यात?"

सासऱ्यांनी नाकतोडा घेतला. भिंगाखाली धरला नाही. डोळे मिटून एका गुडघ्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून. आणि खुर्चीतच ताठ झाले.

"अरेच्चा! हा पीळ उजव्या हाताचा. आणि हा डाव्या हाताचा. म्हणून तोल आला! एकाच पिळाचे असले की दोन्ही गुडघे एकाच बाजूला वळणार. चाळीस वर्षं हे करतोय, कधी डोक्यात आलं नाही बघ!"

सुनेचे कान तापले. घरात डावरं माणूस एकच होतं. तिने डावा हात ओट्यावरच्या फडक्यात गुंडाळला.

"डाव्या हाताचा म्हणजे?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्ही हातांनी करतात ते," सासूबाई इतक्या झटकन म्हणाल्या की चादर हातातून सुटली.

"दोन्ही हातांनी! या वयात!" त्याने स्टूल ओढलं. "दाखवाच, काका. एकच. माझ्यासमोर."

आता नाही कसं म्हणणार? सासऱ्यांनी तंतू निवडले, जुळवले, फास केला. सुई फासाच्या अलीकडून गेली. मग पलीकडून. सून दारातून बघत होती आणि तिची बोटं फडक्याच्या आत आपोआप हलत होती. खाली, बाबा, जरा खाली. शिरली! सुई फासात शिरली! टोक बाहेर आलं. चौघांचाही श्वास अडकला. सासऱ्यांनी गाठ आवळली.

तंतू तुटला. आवाजसुद्धा झाला नाही.

"पिसंच मेली वाईट," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी खरं, काकू," दुकानदार मनापासून म्हणाला. "मी उद्याच दुसरीकडून मागवतो."

सासऱ्यांचा अंगठा पुन्हा त्या चोथा झालेल्या नाकतोड्यावर गेला, डाव्या गुडघ्यावर थांबला. मग त्यांनी पायानेच शेजारची खुर्ची जवळ ओढली.

"सूनबाई, ते फडकं ठेव आणि इथे बस. ओट्याशी उभं राहून कशाला करतेस? पाठ धरेल. डावे तुला येतातच. उजवे कसे करायचे ते मी सांगतो."

ती बसली. त्यांनी दिवा चाचपून तिच्याकडे वळवला. पहिल्यांदाच एवढ्या उजेडात तिने तंतू धरले. फास, सुई, ओली बोटं, हळूच ताण. चिमटीत एक गुडघा वाकून उभा राहिला.

दुकानदार स्टुलावरून उठलाच. "अहो, वहिनी! हे तर... पण मग काका, ती पिसं..."

"पिसं चांगली आहेत रे," सासरे म्हणाले. "मला दिसत नाही."