पिंग

"एक कॉम्प्युटर दुसऱ्याला नुसती हाक मारतो, आहेस का? दुसरा म्हणतो, आहे. बस्स, काम काही नसतं. यालाच पिंग म्हणायचं," बाईंनी सांगितलं. वर्गाच्या डोक्यात काही प्रकाश पडेना. मग त्यांनी दरवर्षीचं ठेवणीतलं उदाहरण काढलं. "आमच्या घरी आई स्वयंपाकघरातून म्हणते, 'अहो'. बाबा खुर्चीतून म्हणतात, 'हं'. पुढे काही नाही. आई आपली परत कामाला लागते."

वर्ग खुदकन हसला.

"बाई, हाक वाटेतच हरवली तर?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"मग उत्तरच येत नाही. समोरचा आपणहून कधी 'हं' म्हणत नाही. 'हं' ऐकू आलं, की खुशाल समजायचं, हाक पोचली."

संध्याकाळी बाईंनी किल्लीने घराचं दार उघडलं. बाबा खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. उतरतं ऊन पडद्यातून त्यांच्या पायांवर झुलत होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं स्वयंपाकघर सकाळी आवरून ठेवलेलं, तसंच चिडीचूप होतं.

"हं," बाबा म्हणाले.

"मी कुठे काय बोलले, बाबा?"

"तुला नाही गं," बाबा डोळे न उघडताच म्हणाले.

बाईंनी खांद्यावरची पिशवी आवाज न करता खाली ठेवली, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, पुढची हाक आपल्यालाही ऐकू येते का म्हणून तिथेच उभ्या राहिल्या.