मशीनजवळचं स्टूल

शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसून लेक रोज आईला धडा समजावून सांगायची. टीप मारता मारता आई मधेच विचारायची, "अगं, पण पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतं कसं?"

दहावीला मोबाइलमध्ये एआय आलं आणि स्टुलावर चिंध्या साचू लागल्या. "त्याला सगळं येतं गं आई! तुझ्यासारखे शंभर प्रश्न नाही विचारत." आईला तो मोबाइल सवतच वाटायला लागला.

सहामाहीत लेकीचे विज्ञानाचे गुण घसरले. रडवेली होऊन तिने एआयलाच विचारलं, "सगळं वाचते, तरी पेपरात आठवत का नाही?" आईने मशीन थांबवून कान टवकारले. बघू, काय सांगतेय सवत!

चिंध्या झटकून लेक स्टुलावर बसली.



"आई, एआय म्हणतं, ज्याला यातलं काहीच येत नाही असं घरात कुणी असेल, तर त्याला रोज समजावून सांग."