एकच फ्लॉपी

"माझी गाणी जाणार नाहीत ना रे?" मोतीलालनानांनी तिसऱ्यांदा विचारलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बन्सीलाल नानांच्या मशीनला सीडी ड्राइव्ह बसवत होता. "नाना, अठ्ठ्याण्णवचं विंडोज टाकायचं तर डिस्क कोरी करावी लागेल. पण आधी गाणी फ्लॉपीवर घेऊ. काळजी नको."

काळजी कशी नको? नानांचा उभा जन्म धुळ्याच्या कचेरीत टाइपरायटरवर गेलेला. कागदावर हातानं लिहायची सवयच नाही, थेट बडवायचे. त्यांची गाणी होती ती या मशीनमध्येच. आता जळगावचा एक प्रकाशक त्यांचं पुस्तक काढणार होता आणि त्याला फाइल नव्या विंडोजमधली हवी होती. आठवडाभर नानांचे पाय जमिनीवर नव्हते. गल्लीत कुणी भेटलं की ते पुस्तकाचा विषय काढतच.

त्यांची बायको भागाबाई फरशीवर बसून गोधडी शिवत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"काकी, यामा नानासना बठ्ठा गाना शेतस," बन्सीलाल फ्लॉपी दाखवत म्हणाला.

"वाची दखाड ना भाऊ, एखादं."

बन्सीलालनं पडद्यावरून वाचलं, "वेचणीची गाणी. कवी, मोतीलाल देवरे."

भागाबाईच्या हातून सुई पडली.

"आखो काय लिखेल शे?"

"वर इतलंच. मंग गाना." आणि त्यानं पहिलं गाणं वाचलं.

"बोंड फुटनं फांदीवर, कशी येचाले जाऊ?
पोर निजेल बांधवर, तेले कोनाकडे ठेऊ?"

भागाबाईनं सुयांच्या डब्यातून वाटोळं चुंबक काढलं, फुटक्या भोंग्यातून निघालेलं. ते फरशीवर फिरवून तिनं सुई शोधली.

"नाना, बाईच्या मनातलं तुम्हाला सुचतं कसं?" बन्सीलालनं विचारलं.

"कवीला सुचावंच लागतं," नाना म्हणाले. खूश झाले होते.

"अजून एका फ्लॉपीवर घेऊन ठेवू?"

"कशाला? एक बस्स." नानांनी फ्लॉपी भागाबाईकडे दिली.

"काकी, जपी ठेवा. ऊन नको, पानी नको, आन चुंबक ते मुळीच नको. चुंबकघाई बठ्ठं पुसाई जास."

"बरं, भाऊ."

दुपारी नवं विंडोज बसलं, पडद्यावर निळं आभाळ आलं, पांढरे ढग आले. नानांनी कौतुकानं माऊस हलवून पाहिला. "आण गं फ्लॉपी."

भागाबाईनं सुयांचा डबाच आणून ठेवला. फ्लॉपीच्या पत्र्याला ते चुंबक घट्ट चिकटलेलं होतं. बन्सीलालनं ते ओढून काढलं, पण त्याचा चेहरा पडला. फ्लॉपी आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मशीन नुसतं खरखरलं.

"गेलं, नाना. काहीच वाचत नाही."

"अडाण्याच्या हातात दिलं, माझंच चुकलं," नाना ओरडले. मग ते मटकन खुर्चीत बसले. "इतका संसार केला तुझ्याबरोबर, आणि शेवटी तूच माझा घात केलास."

भागाबाई सुईत दोरा ओवत होती.

बन्सीलालला नानांची दया आली. त्यानं आपली खुर्ची पुढे ओढली. "नाना, धीर धरा. गाणी तुमचीच आहेत, तोंडपाठ असतील. तुम्ही सांगत चला, मी टाइप करतो."

नानांनी डोळे मिटले. "बोंड फुटनं फांदीवर, कशी येचाले जाऊ..." ते थांबले. घसा खाकरून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबले. बन्सीलाल कीबोर्डवर बोटं ठेवून वाट पाहत होता.

शेवटी नाना खुर्चीवरून उठले आणि बायकोजवळ फरशीवर येऊन बसले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"भागा, वावरमा येचतांना तू मंग कसं म्हने?"

भागाबाईनं दातानं दोरा तोडला.

"कवीले इचारा," ती म्हणाली.